वाचकांचे प्रश्न: भंगारातला तुकडा लेझरखाली ठेवण्याआधी

मागच्या अंकात घरगुती लेझर कटरवर भंगार, कातरण, उरलेसुरले तुकडे वापरण्याबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे स्पीड किती, पॉवर किती असं विचारणारी फार थोडी, बाकी सगळी "हे कापता येईल का" अशीच. बरोबरच आहे म्हणा, विकत आणलेल्या शीटवर ती कशाची आहे ते लिहिलेलं असतं, भंगारावर काहीच नसतं, आणि खरी भानगड तिथेच सुरू होते. जागेअभावी सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: नुकतंच १० वॅटचं डायोड लेझर घेतलंय. घरात प्लास्टिकचा ढीग आहे, जुनी बँकेची कार्डं, फायलींची कव्हरं, सीडी, शाम्पूच्या बाटल्या, एक फाटका बॅनर, कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटचा पुढचा भाग. यातलं काय चालेल त्याची यादीच द्या, भिंतीला चिकटवून ठेवतो.

उत्तर: कार्डं आणि बॅनर आधी बाजूला काढा, मग बाकीचं बोलू. अशी कार्डं बहुतेक पीव्हीसीची असतात आणि बॅनरचं फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसीच. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, लेझरने तापवलं की ते हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर येतं आणि ओलावा भेटला की त्याचं हायड्रोक्लोरिक अॅसिड. घसा, डोळे, फुफ्फुसं यांना त्रास होतोच, वर मशीनचे रॉड, बेअरिंग, स्क्रू सगळं गंजायला लागतं. "एकदाच, छोटासाच तुकडा, खिडकी उघडी ठेवून" ही सवलत पीव्हीसीला नाही. गाण्यांच्या जुन्या एलपी तबकड्यांचं पण तेच, त्याची घड्याळं करायची हौस बऱ्याच जणांना असते, ती लेझरवर करू नका.

सीडी पॉलिकार्बोनेटची असते, ती कापली जात नाही, पिवळी-तपकिरी होऊन धूर सोडते, आणि आतला चकचकीत थर बीम उलटा फेकतो ते वेगळंच. कॅबिनेटचा पुढचा भाग बहुधा एबीएस, जो वितळून चिकट होतो, पेटतो आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. तुम्ही विचारलं नाहीत पण पॅकिंगचा थर्माकोल सुद्धा नको, तो बघता बघता पेट घेतो. बाटल्या विषारी अशा नाहीत, पण पॉलिथिलीन किंवा पीईटी प्लास्टिक वितळून तारा ओढतं आणि हाती काही लागत नाही, त्या सरळ रिसायकलिंगला द्या.

राहिली फायलींची कव्हरं. त्रिकोणातला आकडा शोधा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, पातळ आणि गडद रंगाचं असेल तर कापलं जातं, कडेला थोडी वितळल्याची कड येते, ती खरवडून काढता येते. ३ असेल तर पीव्हीसी, विषय संपला. ७ म्हणजे "इतर", त्यात पॉलिकार्बोनेटपासून काय वाट्टेल ते असू शकतं, त्यामुळे तो आकडा असून नसल्यासारखा.

आकडाच नसेल तर तांब्याच्या तारेची जुनी परीक्षा आहे. तार पक्कडीत धरून बर्नरच्या ज्योतीत तापवा, ज्योतीला रंग येणं बंद झालं की गरम तार प्लास्टिकला टेकवा म्हणजे कणभर चिकटेल, आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली की समजा क्लोरीन आहे. हे उघड्यावर करायचं, कणभरच घ्यायचं, धूर आपल्या अंगावर न येता लांब जाईल अशा बाजूला उभं राहून. पण एक गोष्ट लोक विसरतात, हिरवं आलं तर तुकडा बाद, पण हिरवं नाही आलं म्हणजे तुकडा पास असं नाही, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही परीक्षा आरामात पास होतात आणि दोन्ही लेझरला वाईट. पाण्याची परीक्षा पण अशीच एकतर्फी आहे, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यावर तरंगतात, पण पीव्हीसी आणि अॅक्रिलिक दोन्ही बुडतात, म्हणजे जो फरक तुम्हाला हवा तोच ती सांगत नाही. शेवटी ओळख नाही पटली तर तो तुकडा मशीनखाली ठेवायचा नाही. तुमच्या ढिगातून वापरण्यासारखी निघतील ती फक्त काही कव्हरं, वाईट वाटेल पण तसंच आहे.

प्रश्न: एका ओळखीच्यांनी साइनबोर्डच्या कामातून उरलेले अॅक्रिलिकचे तुकडे दिले, पिशवीभर. काळे आणि लाल मस्त कापले जातात, पण पारदर्शक आणि निळ्यावर ओरखडाही येत नाही. पॉवर १०० टक्के, स्पीड अगदी कमी, चार चार पास (त्याच रेषेवरून परत परत फेऱ्या) दिले. मशीन खराब आहे का?

उत्तर: मशीन ठणठणीत आहे. डायोड लेझरचा प्रकाश निळा असतो, साधारण ४५० नॅनोमीटर, आणि पारदर्शक अॅक्रिलिकमधून तो खिडकीच्या काचेतून ऊन यावं तसा आरपार निघून जातो, शोषलाच गेला नाही तर तापणार काय आणि कापणार काय. निळं अॅक्रिलिक निळं दिसतं तेच मुळी निळा प्रकाश सोडून देतं म्हणून. काळं आणि लाल तो गिळतं. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, तिला अॅक्रिलिक पारदर्शक असलं तरी अपारदर्शकच, त्यामुळे त्या मशीनवर हेच तुकडे लोण्यासारखे कापले जातात.

पास वाढवू नका, कारण बीम तुकड्यातून खाली जाऊन बेडवर, म्हणजे तुकडा ठेवायच्या पाटावर, आदळतोय आणि बेड धातूचा असेल तर तिथून परततोय. वरून काळा रंग मारून कापायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, त्याने फक्त पृष्ठभागावर खूण उमटते, रंग जळून गेला की परत तेच. खूणच हवी असेल, म्हणजे नावाची पाटी वगैरे, तर ही युक्ती चांगली आहे. कापायचं असेल तर पारदर्शक तुकडे सीओटूवाल्या कुणाला देऊन बदल्यात काळे घ्या.

आणि कापलेल्या काळ्या-लाल तुकड्यांच्या कडा स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका. कापताना कडेला ताण साठतो आणि अल्कोहोल लागलं की तिथून बारीक बारीक भेगा पडतात, कधी लगेच तर कधी दोन दिवसांनी. साबणाचं कोमट पाणी पुरे. वरचा संरक्षक कागद असेल तर कापून होईपर्यंत काढू नका, पण तो कागद नसून प्लास्टिकची फिल्म असेल तर मात्र आधी सोलून काढलेली बरी.

प्रश्न: मित्राच्या सीओटू मशीनचा गॉगल माझ्या डायोडला चालेल का?

उत्तर: नाही. गॉगल ज्या तरंगलांबीचा त्याच लेझरला चालतो. १०.६ मायक्रॉन साधं पारदर्शक पॉलिकार्बोनेट सुद्धा अडवतं, पण त्यातून ४५० नॅनोमीटरचा निळा बीम सरळ डोळ्यात जाईल. गॉगलवर ४४५ ते ४५५ हा पट्टा आणि ओडी ५ किंवा जास्त असं छापलेलं हवं, ओडी ५ म्हणजे लाख भागांतला एकच भाग आत येतो. नुसता नारिंगी दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. उघड्या फ्रेमची ही मशीन्स क्लास ४ मध्ये, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोकादायक वर्गात येतात, आणि भंगारात चकचकीत काय निघेल सांगता येत नाही, त्यामुळे खोलीत जे कोणी असतील त्या सगळ्यांना गॉगल.

प्रश्न: जुन्या कपाटाचं प्लायवूड आणि पॅकिंगच्या पेट्यांची लाकडं जमवलीत. एकाच फळीवर एकच सेटिंग, तरी काही ठिकाणी आरपार जातं आणि काही ठिकाणी अजिबात नाही. एक पेटी तर अशी जळली की विचारू नका. लेझरसाठी मिळणारं खास प्लाय घेण्यावाचून पर्याय नाही का?

उत्तर: पर्याय आहे, पण निवडून घ्यावं लागतं, सरसकट नाही.

प्लायमध्ये लेझरला नडतो तो डिंक. बाहेरच्या वापराचं, पाण्याला टिकणारं प्लाय असतं त्यात फिनॉलचा गडद डिंक असतो, तो जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच पुढच्या थराला झाकतो, मग कितीही पास द्या. आतल्या थरात गाठ असेल, किंवा दोन पट्ट्यांमधली फट डिंकाने भरलेली असेल, तर फक्त तेवढ्याच जागी अडतं, तुमचं "काही ठिकाणी" म्हणजे बहुतेक हेच. कडेकडून बघा, थरांच्या मधल्या रेषा काळपट असतील तर ती फळी कापायला घेऊ नका, वरून कोरायला वापरा, कोरायला ती छान असते. रेषा फिकट असतील तर चान्स आहे. अंधारात मागून टॉर्च लावून बघायचं असंही काही जण सांगतात, अगदी पातळ प्लायला त्याने गाठी दिसतात खऱ्या, जाड फळीला काही उपयोग नाही.

दुसरं, जुनी फळी कधी सपाट नसते. फोकस मधोमध जुळवला आणि कोपरा २ मिमी वर असेल तर तिथे बीम पसरट होतो आणि कापण्याऐवजी नुसता भाजतो. वाकलेली फळी हनीकॉम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या) बेडवर दाबून धरायला खिळे किंवा चुंबक वापरा, किंवा फळीचे आधीच लहान तुकडे करून घ्या, लहान तुकड्यात वाक कमी येतो. लोकांना हे सुचत नाही का कुणास ठाऊक, सगळे मोठीच्या मोठी फळी बेडवर चढवतात आणि मग सेटिंगला शिव्या घालतात.

आता तुमच्या कपाटाबद्दल. वर सनमायका असेल तर तो काढूनच घ्या, तो लेझरने नीट कापला जात नाही, काळा पडून सोलटतो. जुना ऑइलपेंट असेल तर फार काळजी, जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं आणि लेझरने त्याचा धूर करणं म्हणजे शिसं श्वासातून घेणं. घासून काढायचं म्हणाल तर धूळ होते, तीही वाईट. रंगाची खात्री नसेल तर ती फळी सोडून द्या.

पेट्यांच्या लाकडावर शिक्का बघा. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडी पॅकिंगवर आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे शिक्का मारतात, त्यात एचटी असेल तर लाकूड फक्त उष्णता देऊन निर्जंतुक केलंय, ते चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते नको. हिरवट झाक असलेलं, कुंपणाचं, जमिनीत गाडायचं लाकूड तर बिलकुल नको, वाळवी लागू नये म्हणून त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक भरलेलं असू शकतं. खिळे, स्टेपलच्या पिना शोधायला एक चुंबक फिरवा, बीम त्यावर पडला की ठिणगी उडते आणि बाजूचं लाकूड पेटतं. पाइनसारखं चिकाचं लाकूड असेल तर चिकाने भडका उठतो आणि लेन्सवर काजळी बसते, तुमची पेटी "अशी जळली" त्यात याचा हात असू शकतो. काम झालं की लेन्स तपासा, मळलेली लेन्स पॉवर खाते, मग आपण पॉवर वाढवतो, मग अजून काजळी, हे चक्र थांबत नाही.

एमडीएफचे तुकडे असतील तर ते प्लायपेक्षा एकसारखे कापले जातात कारण आत गाठ नाही की फट नाही, पण डिंकामुळे त्याच्या धुरात फॉर्माल्डिहाइड असतं, त्यामुळे धूर बाहेर काढायची सोय पक्की असल्याशिवाय एमडीएफला हात लावू नका.

प्रश्न: खोक्यांचा नालीदार पुठ्ठा कापताना दरवेळी ज्वाला येते. पुठ्ठा लेझरला चालत नाही का?

उत्तर: चालतो, उत्तम चालतो, फक्त त्याच्या पोटात हवेच्या नळ्या आहेत म्हणून पेटायची घाई असते. पॉवर मध्यम, स्पीड जास्त, आणि एका संथ पासऐवजी दोन भरभर पास. एअर असिस्ट, म्हणजे बीमपाशी सोडलेला हवेचा झोत, जोरात, ती हवा ज्वाला विझवते आणि धूर पण लेन्सपासून लांब नेते. एअर असिस्ट नसेल तर नालीदार पुठ्ठा करूच नका, साधा एकपदरी, औषधांच्या नाहीतर चपलांच्या खोक्याचा घ्या. छापील चकचकीत बाजू खाली ठेवा, चिकटपट्ट्या सोलून काढा. मोठ्या डिझाइनमध्ये जवळजवळ रेषा असतील तर उष्णता एकाच जागी साठते, कापायचा क्रम बदलून मशीनला इकडून तिकडे उड्या मारायला लावा. आणि पुठ्ठा कापताना फोन घ्यायला सुद्धा खोलीबाहेर जायचं नाही, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा.

प्रश्न: मशीनभोवती झाकण म्हणून मोठं खोकं उलटं घातलं तर? भंगाराचा उपयोग पण होईल आणि डोळे पण वाचतील!

उत्तर: कृपया नको. वरचं उत्तर वाचा म्हणजे कळेल का. झाकण पत्र्याचं किंवा निदान जाड प्लायचं करा, बघायची खिडकी लेझरसाठी प्रमाणित केलेल्या शीटचीच लावा.

प्रश्न: माझ्याकडे वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू आहेत, झाडाच्या फांदीच्या चकत्या, फुटलेल्या खेळण्यांचे लाकडी ठोकळे, जुने लाकडी चमचे. प्रत्येकावर नाव कोरायचंय पण बरोब्बर मध्यभागी कधीच येत नाही. अंदाजाने ठेवते आणि चुकतं. कॅमेरा घ्यावा का?

उत्तर: कॅमेरा असला तर सोय होते पण यासाठी मुद्दाम घ्यायची गरज नाही, तुमच्याकडे पुठ्ठा आहे ना? भंगाराचा सगळ्यात कामाचा उपयोग मला विचाराल तर हाच आहे, त्यातून वस्तू बनवायची नाही, वस्तू धरून ठेवणारा साचा बनवायचा.

करायचं असं. बेडवर पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा चिकटपट्टीने पक्का लावा, हलता कामा नये. चमच्यांसारख्या एकसारख्या वस्तू असतील तर एकाची बाह्यरेषा कागदावर काढून त्याचा फोटो घ्या, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रेषा ओढा, मापाला जुळवा आणि तो आकार पुठ्ठ्यात कापा. आतला भाग उचलला की चमचा त्या भोकात बसतो. आता सॉफ्टवेअरमध्ये तीच बाह्यरेषा आहे, तिच्या मध्यभागी नाव ठेवा, बाह्यरेषेचा लेयर बंद करा आणि कोरा. पुढचा चमचा त्याच भोकात, नाव त्याच जागी. एका पुठ्ठ्यात सहा भोकं पाडली तर सहा चमचे एका दमात होतात. फक्त मधे मशीनचं मूळ स्थान बदलू द्यायचं नाही, आणि फोकस चमच्याच्या वरच्या पृष्ठभागावर परत जुळवायचा, पुठ्ठ्यावरचा तसाच ठेवला तर अक्षरं जाड आणि धुरकट येतात.

फांदीच्या चकत्या प्रत्येकी वेगळ्या, त्यांना भोकाचा साचा चालणार नाही. त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर अगदी कमी पॉवरने एक फुली आणि तिच्याभोवती एकात एक वर्तुळं कोरून घ्या, चकती त्यावर ठेवली की कडा वर्तुळांशी ताडून बघता येते आणि मध्य सापडतो. चकत्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, ओल्या लाकडावर कोरलेलं फिकट येतं आणि नंतर चकती तडकते. चमचे चकचकीत वार्निशचे असतील तर वार्निश घासून काढा, आणि कोरलेले चमचे परत जेवणात वापरायचे असतील तर काजळी नीट धुऊन खाण्याला चालणारं तेल लावा.

प्रश्न: जुन्या जीन्स, पर्सेस, बॅगा, सोफ्याचं फाटलेलं कव्हर. कापड आणि चामडं दोन्ही आहे. काय करता येईल?

उत्तर: जीन्स झकास. कमी पॉवरला निळा रंग उडून पांढरट नक्षी उमटते, कारखान्यात जीन्स फिकट करायला सुद्धा लेझर वापरतात. चेन, बटणं, रिबिटं आधी काढा. सुती कापड कापलं की कड तपकिरी होते आणि धागे सुटत राहतात, पॉलिएस्टरची कड वितळून आपोआप बंद होते, म्हणून पॅच बनवायला मिश्र कापड सोपं पडतं. कापड ताणून सपाट हवं, नाहीतर एअर असिस्टच्या हवेने उडतं.

पर्स आणि सोफ्याच्या कव्हरबद्दल मात्र ताई, आधी उलटी बाजू बघा. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते चामडं नाही, रेक्झिन आहे, आणि रेक्झिन बहुधा पीव्हीसीचं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) असलं तरी त्याचा धूर काही बरा नाही, तेव्हा दोन्ही नकोच, कात्रीने कापा. खरं चामडं असेल तर झाडांच्या सालीने कमावलेलं चालतं, त्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमने कमावलेल्याची कड बऱ्याचदा मधे निळसर-करडी असते, ते जाळलं तर क्रोमियमचं विषारी रूप तयार होऊ शकतं, म्हणून ते सोडून द्या. पर्सेसचं बरंचसं चामडं क्रोमचंच असतं हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: फरशीच्या कामातून उरलेल्या टाइल्सवर फोटो काढता येतो असं ऐकलं, पण माझ्या डायोडने काहीच उमटत नाही. पेयांच्या रिकाम्या अॅल्युमिनियम कॅनचं पण असंच.

उत्तर: टाइलला मधला थर लागतो. टायटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा स्प्रे पेंट पातळ आणि एकसारखा मारा, पूर्ण वाळू द्या, मग कोरा. बीम पडतो तिथे त्या रंगाचा काळा डाग ग्लेझमध्ये पक्का बसतो आणि बाकीचा रंग थिनरने पुसला की खाली काळा-पांढरा फोटो उरतो. थिनर मशीनपासून लांब, दुसऱ्या खोलीत. टाइल चकचकीत ग्लेझची हवी, खडबडीत टाइलवर रंग खाचांमध्ये अडकून राहतो.

कॅन घरगुती डायोडने कापला जात नाही, अॅल्युमिनियम बीम परतवतं. वरची छपाई उडवून खालचा धातू दाखवता येतो, तेवढंच. कात्रीने कापून सपाट करून चिकटवा, गोल ठेवला तर परावर्तन कुठे जाईल सांगता येत नाही.

प्रश्न: तुकड्यांचं करायचं काय? एक खोकं भरलं, दुसरं भरलं, आता घरचे मला आणि मशीनला दोघांना बाहेर काढतील. कीचेन आणि कानातले करून करून सगळ्या नातेवाइकांना देऊन झाले.

उत्तर: नातेवाइकांवर दया करा. कचऱ्यातून कीचेन केली की कचरा कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये जातो, हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

तुकड्याचा पहिला मान टेस्टचा. नवं काही कापायच्या आधी त्याच जातीच्या भंगार तुकड्यावर वेगवेगळ्या स्पीड आणि पॉवरच्या चौकोनांची चौकट काढा, लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल टेस्टची सोय तयारच आहे. ती चौकट फेकू नका, मागे मार्करने जात, जाडी आणि तारीख लिहून लटकवून ठेवा. दुसरा मान मशीनच्याच सामानाचा, हनीकॉम्बमध्ये खोचायच्या पिना, फोकस मोजायची ठराविक जाडीची पट्टी, कोपरे जुळवायचे काटकोन. तिसरा दुरुस्तीचा. डुगडुगणाऱ्या टेबलाखालची चकती, कपाटाच्या बिजागरीमागचा पातळ पॅकर, ड्रॉवरमधले कप्पे, हरवलेल्या बोर्डगेमच्या सोंगट्या, वायर गुंडाळायच्या पट्ट्या, तुटलेल्या खेळण्याचं चाक. ही कामं दिसायला भिकार असतात पण तुकडे खरंच संपतात.

ठेवायची पद्धत म्हणाल तर खोक्यात आडवे टाकू नका, पुस्तकांसारखे उभे लावा म्हणजे हवा तो दिसतो, जाडीप्रमाणे वेगळे. जो तुकडा ओळखता येत नाही तो ठेवायचाच नाही, सहा महिन्यांनी तो अजूनच ओळखू येणार नाही. लाकूड-अॅक्रिलिकचं तळहाताएवढं मापही टिकवण्यासारखं असतं, पुठ्ठ्याचं नाही. आणि मुळात तुकडे कमी पाडा, डीपनेस्टसारखं फुकट सॉफ्टवेअर आकार एकमेकांत खोचून शीटवर बसवतं, वापरलेल्या शीटच्या मोकळ्या जागेत सुद्धा.

प्रश्न: धुरासाठी खिडकी उघडतो आणि पंखा लावतो. शिवाय कोळशाच्या फिल्टरचा एक डबा आणलाय. पुरे ना?

उत्तर: पंखा धूर खोलीभर फिरवतो, बाहेर काढत नाही. झाकण, त्यातून नळी आणि नळीचं तोंड बाहेर, असं हवं. एक्झॉस्ट फॅन मशीनपाशी न लावता नळीच्या बाहेरच्या टोकाला लावा, म्हणजे नळीला कुठे चीर असली तरी धूर खोलीत येण्याऐवजी खोलीतली हवाच आत खेचली जाते. नळी आखूड आणि सरळ. सक्रिय कोळसा वास आणि बरीच सेंद्रिय वाफ पकडतो, पण कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही आणि बारीक काजळीने लवकर तुंबतो, त्याच्या आधी अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर हवा आणि हेपाच्या आधी साधा जाळीचा फिल्टर. आणि कुठलाही फिल्टर पीव्हीसीची परवानगी देत नाही, हे कुणीतरी विचारेल म्हणून आधीच.

प्रश्न: वेगवेगळ्या भंगार प्लायमधून खाचांचा डबा केला. डिझाइन ३ मिमीचं, प्लाय ३ मिमीचं, तरी काही खाचा ढिल्या, काही बसतच नाहीत.

उत्तर: ३ मिमी हे नुसतं नाव असतं, व्हर्नियरने मोजा, एक फळी २.७ निघेल, दुसरी ३.३. डब्याचा प्रत्येक जोड दोन फळ्यांचा असतो, त्यामुळे खाचेची खोली समोरच्या फळीच्या जाडीवर ठरवायची, स्वतःच्या नाही, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. बॉक्सेस डॉट पायसारख्या, डब्याचं डिझाइन काढून देणाऱ्या फुकट जनरेटरमध्ये जाडी एकच टाकता येते, म्हणून भंगारातून करायचं तर निदान एका डब्याला एकाच फळीचे तुकडे घ्या, किंवा चारही बाजू एका जाडीच्या आणि तळ वेगळा, तळ नुसता चिकटवायचा.

वर बीम स्वतः थोडं लाकूड खातो, साधारण ०.१ ते ०.२ मिमी, त्यालाच कर्फ म्हणतात. मोजायचं असेल तर भंगार पट्टीतून २० मिमीचे दहा चौकोन शेजारी शेजारी कापा, एकमेकांना भिडवून रांगेत मोजा, २०० ऐवजी १९८.५ आलं तर प्रत्येकी ०.१५ गेलं, तेच सॉफ्टवेअरच्या कर्फच्या रकान्याला जाईल. लाइटबर्नमधला कर्फ ऑफसेट एका बाजूचा असतो, म्हणून तिथे त्याच्या निम्मं टाका. आणि दमट दिवसांत प्लाय फुगतं, तेव्हा मोजणी कापायच्या दिवशीच करा, मागच्या महिन्यात फळीवर लिहिलेला आकडा धरू नका.